साखरपुड्याला गोल हिऱ्याची अंगठी घेताय? सोन्याची नजर घरी ठेवून या

मागच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीची गोष्ट. मावसभावाचा साखरपुडा ठरला आणि जळगावच्या एका दुकानात आम्ही सहा जण अंगठी बघायला जाऊन बसलो. मावशीने ट्रेमधली हिऱ्याची अंगठी उचलली, बोटात घालून बघितलीच नाही, तळहातावर ठेवली आणि हात दोनदा वरखाली केला. मग माझ्याकडे बघून म्हणे, "हाई ते हलकीच से रे भाऊ." झालं! आता तो चाळीस वर्षं सोनं घेतलेला हात आहे, पोत हातात घेतली की किती ग्रॅमची ते जवळपास बरोबर सांगतो, पण हिऱ्याच्या अंगठीत त्या हाताला काहीच काम नाही हे तिला कसं सांगायचं.

मी सुरतेला सहा वर्षं असॉर्टिंगच्या टेबलावर होतो. म्हणजे चिमटा, आयग्लास आणि पांढरा कागद, दिवसभर हिरे निवडायचे आणि पुड्या बांधायच्या. आता अमळनेरला परत आलोय, धंदा वेगळा आहे, पण नात्यात कुणाची सुपारी फुटली की फोन मलाच, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून काढतोय. आपल्याकडे लोकांना हिऱ्याची माहिती नसते हे ठीक आहे, ती दुकानदार देतो. खरी गडबड अशी की आपल्याला सोन्याची माहिती फार आहे, जळगाव म्हणजे सुवर्णनगरी, लहान पोराला पण तोळ्याचा भाव पाठ, आणि तोच हिशोब आपण हिऱ्याला लावायला जातो आणि तिथेच फसतो.

आधी कॅरेटचा घोळ मिटवू. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, २२ कॅरेट, १८ कॅरेट. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, बस, आणि एका कॅरेटचे १०० सेंट. त्यामुळे "अर्ध्या कॅरेटचा हिरा आहे, १८ कॅरेटमध्ये बसवलाय" या एकाच वाक्यात कॅरेट दोनदा येतो आणि दोन्हीचा अर्थ वेगळा. काकालोक इथे हमखास गोंधळतात आणि विचारायला लाजतात, विचारा बिनधास्त.

दुसरं म्हणजे भाव. दोन तोळे सोनं एक तोळ्याच्या दुप्पट किमतीचं, सरळ गणित. हिऱ्यात तसं नाही. पाव कॅरेटचे दोन हिरे घेतले तर ते अर्ध्या कॅरेटच्या एका हिऱ्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात, क्वालिटी तीच असली तरी, कारण मोठा हिरा मुळातच कमी सापडतो. वर भाव जिन्यासारखा चढतो, ३० सेंट, ५० सेंट, ७० सेंट, एक कॅरेट अशा पायऱ्या आहेत आणि पायरीवर पाय ठेवला की प्रत्येक कॅरेटचा रेटच बदलतो. म्हणून माझा पहिला सल्ला हाच असतो की पायरीच्या जरा खालचा हिरा मागा, ५० च्या ऐवजी ४६-४७ सेंट, एक कॅरेटच्या ऐवजी ९२-९३. बोटात घातल्यावर फरक नवरीला दिसत नाही, सासूला दिसत नाही, मला पण नुसत्या डोळ्याने दिसत नाही. फक्त "एक कॅरेट दिला" असं मांडवात सांगता येत नाही एवढाच तोटा, आता तो तोटा ज्याला फार मोठा वाटतो त्याने खुशाल पूर्ण कॅरेट घ्यावा.

आता मुख्य मुद्दा, कट. बाकी काही वाचलं नाही तरी एवढा भाग वाचा.

गोल हिरा म्हणजे नुसता गोल दगड नाही. राउंड ब्रिलियंटला ५७ पैलू असतात, खालचं टोक पण घासून सपाट केलं तर ५८. वरून पडलेला उजेड आत जातो, खालच्या पैलूंवर आपटून परत वर तुमच्या डोळ्यात येतो, ती चमक. हे कोन साधारण किती असले तर उजेड जास्तीत जास्त परत येतो याचं गणित मार्सेल टोल्कोव्स्की नावाच्या माणसाने १९१९ मध्ये मांडलं, आणि आज शंभर वर्षांनंतर पण सुरतेतला कारागीर त्याच मापांच्या आसपास घासतो. बदाम, चौकोनी वगैरे आकारांत कट जोखायला इतकं ठरलेलं माप नाही, गोल मात्र आकडे बघून पण बराचसा ओळखता येतो. साखरपुड्याला गोल घ्या म्हणतो मी त्याचं हे एक कारण.

मग सगळेच कारागीर बरोबर माप का घासत नाहीत? कारण कच्च्या हिऱ्यातून गोल काढताना साधारण निम्मं वजन किंवा त्याहून जास्त उडून जातं, आणि वर सांगितलेली पायरी आठवा. नीट घासला तर ४६ सेंट येतोय, पोट जरा जाड ठेवलं तर ५० येतोय, तर मालक काय म्हणेल? पोट ठेव म्हणेल. ते चार सेंट खाली पोटात जाऊन बसतात, वरून दिसत नाहीत, चमक पण खातात, आणि त्याचे पैसे तुम्ही देता. सोन्यात वजन कुठेही असलं तरी वजनच असतं. हिऱ्यात ते कुठे आहे ते बघावं लागतं.

खोल झाला तर हिरा विहिरीसारखा दिसतो, मध्ये अंधार. उथळ झाला तर बशीसारखा, कडेने आत एक फिकट कडी दिसते माशाच्या डोळ्यासारखी आणि सगळा हिरा पाणीदार काचेसारखा वाटतो. दोन्ही नको. हिऱ्यासोबत तपासणीचा कागद येतो, त्या रिपोर्टवर आकडे छापलेले असतात ते बघा: टेबल म्हणजे वरचा सपाट भाग रुंदीच्या ५४ ते ५८ टक्के, एकूण डेप्थ ६० ते ६२.५ टक्के, क्राउनचा म्हणजे वरच्या उताराचा कोन ३४ ते ३५ अंश, पॅव्हिलियनचा म्हणजे खालच्या पोटाचा ४०.६ ते ४१. गर्डल म्हणजे हिऱ्याची कंबर, ती बारीक ते थोडी जाड इतपत चालते, फार जाड असेल तर समजा वजन कमरेला बांधलंय. आणि कटचा ग्रेड एक्सलंटच घ्या, जीआयए ही हिरे तपासणारी संस्था २००६ पासून गोल हिऱ्याला तो देतेय. कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही एक्सलंट असले की बाजारात त्याला ट्रिपल एक्स म्हणतात. पण एक्सलंटचा पट्टा बराच रुंद आहे भो, क्राउन पण उंच आणि पॅव्हिलियन पण खोल असा हिरा पट्टीच्या काठावरून एक्सलंट होऊन जातो, म्हणून ग्रेडवर थांबू नका, कोन पण वाचा.

आणि मिलिमीटर विचारा! हे कुणीच विचारत नाही. नीट घासलेला एक कॅरेट गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिमी रुंद असतो, अर्धा कॅरेट ५.१ च्या आसपास, ३० सेंट ४.३ च्या आसपास. एक कॅरेट म्हणून दाखवला आणि माप ६.१ निघालं तर बाकीचा हिरा पोटात आहे.

त्या दिवशी आमच्यासमोर दोन सुटे हिरे आले होते. (रंगाची आणि डागांची अक्षरं पुढे सांगतो.) एक ५० सेंट, रंग एफ, व्हीव्हीएस, कट व्हेरी गुड, डेप्थ ६४. दुसरा ४६ सेंट, रंग एच, व्हीएस-टू, ट्रिपल एक्स, डेप्थ साडेएकसष्ट. कागदावर पहिला भारी, मावसभावाने तोच धरून ठेवला होता. मी मालकाला म्हटलं जरा बाहेर नेऊ का, तो भला माणूस होता, एक पोरगा सोबत दिला. दुकानात काय होतं ना की वरून बारीक बारीक एलईडीचे झोत असतात, त्याच्याखाली अमेरिकन डायमंड पण नाचतो, तिथे हिरा निवडणं म्हणजे ब्युटी पार्लरमधून निघताना मुलगी बघण्यासारखं. तर बाहेर गेलो, उन्हात नाही हां, थेट उन्हात चांगला हिरा पण उलट काळपट दिसतो आणि आमच्या जळगावच्या एप्रिलच्या उन्हात तर माणूस पण काळाच दिसतो. निंबाखाली सावलीत उभे राहिलो, पांढऱ्या रुमालावर दोन्ही शेजारी ठेवले. ५० वाल्याच्या मध्यभागी धुरकट अंधार, हलवला तरी तिथेच. ४६ वाला मात्र हलवला की उजेड-अंधाराचे तुकडे कडक बदलत होते, लगालग. मावशीला काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं कोणता मोठा. तिने ४६ वर बोट ठेवलं. माप बघितलं तर तो ४.९८ मिमी होता आणि ५० वाला ४.९५. चार सेंट वजन जास्त आणि तोंड लहान.

तुम्ही पण हेच करा. झोतातून बाहेर काढा, साध्या ट्यूबलाइटखाली बघा, सावलीत बघा, हाताच्या सावलीत धरून बघा. दुकानदाराने नाही म्हटलं तर निदान खिडकीपाशी. आणि एकटा हिरा बघून काहीच कळत नाही, नेहमी दोन शेजारी ठेवून बघायचे.

रंगाकडे वळू. डी पासून झेड पर्यंत अक्षरं, डी म्हणजे एकदम पाण्यासारखा, पुढे पुढे पिवळसर झाक. दुकानाच्या टॅगवर बहुतेक जोडीने लिहिलेलं असतं, ईएफ-व्हीव्हीएस, जीएच-व्हीएस, आयजे-एसआय असं. पिवळ्या सोन्यात बसवणार असाल तर आय-जे पण छान दिसतो कारण सोन्याचाच पिवळा त्याच्यात उतरतो, डी-ई घेऊन पिवळ्या सोन्यात बसवणं म्हणजे पैसे तापीत टाकणं (आणि तापी तर शेवटी सुरतेलाच जाते). व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनम असेल तर जी-एच घ्या. रंग तपासायचा तर वरून बघू नका, वरून चमक रंग लपवते. पांढऱ्या कागदाची घडी घालून पन्हळ करा, त्यात हिरा उलटा, टेबल खाली करून ठेवा आणि बाजूने बघा, तेव्हा झाक कळते.

क्लॅरिटीचं, म्हणजे आतल्या डागांचं, लोकांना उगाच टेन्शन. व्हीव्हीएस म्हणजे फारच बारीक डाग, मग व्हीएस, मग एसआय. व्हीव्हीएसमधला डाग १० पट भिंगाखाली शोधायला आम्हालाच वेळ लागायचा, तर साखरपुड्याला आलेली आत्या काय शोधणार आहे. व्हीएस-टू पुष्कळ, नीट निवडला तर एसआय-वन पण चालतो. फक्त डाग कुठे आहे ते बघायचं, टेबलाच्या खाली मधोमध काळा टिपका नको, कडेला असेल तर हिरा धरणाऱ्या सोन्याच्या नखाखाली जातो, पण अगदी कमरेवर चीर असेल तर नको कारण तिथे धक्का लागला की टवका उडू शकतो. हिरा कडक आहे म्हणजे तुटत नाही असं नाही, त्याला ओरखडा पडत नाही, टवका मात्र पडतो. आमची आजी म्हणायची डागाचा हिरा लाभत नाही, तर आजीला भिंग देऊ नका आणि विषय संपवा.

पण एक गोष्ट आहे जिला सर्टिफिकेटवर वेगळा ग्रेड नाही आणि बाजारात मात्र सगळे बघतात. सुरतेचा व्यापारी मागताना "नो बीजीएम" म्हणतो, म्हणजे ब्राउन नको, ग्रीन नको, मिल्की नको. मिल्की हिरा म्हणजे धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखा, कागदावर चांगला ग्रेड आणि डोळ्याला मरगळलेला. स्वस्तात "एकदम भारी ग्रेड" मिळतोय असं वाटलं की आधी हे बघा, शेजारी दुसरा हिरा ठेवला की लगेच कळतं. फ्लोरोसन्स, म्हणजे निळ्या लाइटखाली हिऱ्याने स्वतः पेटणं, तो पण रिपोर्टवर असतो, नन, फेंट, मीडियम, स्ट्राँग. फेंट-मीडियमला घाबरू नका, भाव थोडा कमी होतो, फायदाच आहे. स्ट्राँग असेल तर दुधी दिसत नाही ना तेवढं तपासा. दुकानात नोटा तपासायची निळी लाइट असतेच, तिच्याखाली धरायला सांगा, निळा पेटला की फ्लोरोसन्स आहे.

लॅबवाला घ्यायचा की खाणीतला? हा प्रश्न आता प्रत्येक घरात. लॅबचा हिरा खोटा नाही, तोच कार्बन, तोच कडकपणा, सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीने मशिनमध्ये वाढवलेला, आणि तो वाढवण्यात सुरत पुढे आहे. २०२३ मध्ये मोदींनी अमेरिकेत जिल बायडेन यांना साडेसात कॅरेटचा हिरवा हिरा दिला तो पण लॅबचाच होता. अमेरिकन डायमंड आणि मॉइसनाइट ही वेगळी भानगड, ते हिरेच नाहीत. लॅबवाला खाणीच्या हिऱ्यापेक्षा खूपच स्वस्त पडतो आणि परत विकायला गेलात तर तसाच स्वस्तात जातो. माझं मत विचाराल तर बजेट कमी असेल आणि मोठा हवा असेल तर बिनधास्त लॅब घ्या, पण दोन्ही घरांना सांगून घ्या. सांगितलं नाही आणि पाच वर्षांनी मोडायला नेल्यावर सासऱ्यांना सराफाकडून कळलं तर काय होतं ते मी बघितलंय, बारशाच्या पंगतीत विषय निघाला होता. आणि एक, दुकानात पेनसारखं टेस्टर लावून "बघा वाजलं, ओरिजिनल" म्हणतात ना, ते लॅबच्या हिऱ्यावर पण वाजतं, साध्या टेस्टरवर मॉइसनाइट पण वाजून जातो. खाणीतला की लॅबचा हे मोठ्या मशिनीवर ठरतं, म्हणून कागद लागतो.

कागद म्हणजे जीआयए किंवा आयजीआयचा रिपोर्ट. जीआयए फक्त सुटा हिरा तपासते, बसवलेला नाही. आयजीआय दागिन्याचा रिपोर्ट पण देते, पण बसवलेल्या हिऱ्याचं वजन अंदाजानेच काढावं लागतं आणि रंग पण सोन्यामुळे नीट कळत नाही. म्हणून शक्य असेल तर हिरा सुटा निवडा आणि मग अंगठीत बसवून घ्या, तयार अंगठीच्या मागे लागू नका. रिपोर्टचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाका, तिथले आकडे आणि हातातला कागद जुळतो का बघा. हिऱ्याच्या कमरेवर बहुतेक वेळा लेसरने तोच नंबर कोरलेला असतो, केसाहून बारीक अक्षरं, भिंगातून दाखवायला सांगा, एकदा बसवायच्या आधी आणि एकदा बसवून आल्यावर. कारागिराला आधीच सांगा की नख नंबरावर आणू नको. याला संशय म्हणत नाहीत, आपण गोफ घेताना काटा शून्यावर आहे का बघतोच ना.

आता आमच्या घरातली फजिती सांगतो. मोठ्या भावाच्या साखरपुड्याला, मी सुरतेला जायच्या आधी, एका दुकानातून अंगठी घेतली होती, दुकान कोणतं ते जाऊ द्या. चांगला ज्वारीच्या दाण्याहून मोठा लखलखता हिरा, भाव अगदी बजेटमध्ये, घरात सगळे खूश. दोन वर्षांनी वहिनी कणीक मळून हात धूत होती तर "हिऱ्याचा तुकडा पडला" म्हणून ओरडली. बघितलं तर तुकडा नव्हता, आख्खा छोटा हिरा होता. ते एक खडं नव्हतंच, मध्ये एक आणि भोवती सहा असे सात बारके हिरे इतके खेटून बसवले होते की लांबून एकच वाटावा. क्लस्टर म्हणतात त्याला. बनवणं चुकीचं नाही, कितीतरी लोक माहीत असून घेतात, छान दिसतं आणि परवडतं. पण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही पण विचारलं नव्हतं, बिलावर हिऱ्याची संख्या ७ लिहिलेली होती, ती दोन वर्षांत कुणी वाचलीच नाही. वहिनी अजून तीच अंगठी घालते, पडलेल्या जागी अमेरिकन डायमंड बसवलाय, तो फक्त मलाच दिसतो.

तर विचारायचं काय, "एकच खडा आहे का आणि किती सेंटचा." "एक कॅरेटचा लुक" हे शब्द कानावर आले की सावध व्हा. हॅलो डिझाइन म्हणजे मध्ये एक आणि भोवती बारीक हिऱ्यांची कडी, ते वेगळं, त्यात मधला किती सेंटचा आणि कडीचे मिळून किती हे वेगवेगळं लिहून घ्या, नाहीतर एकूण वजन सांगून मोकळे होतात.

बसवणं. २२ कॅरेट सोनं मऊ असतं, हिरा धरणारी नखं त्यात लवकर वाकतात, म्हणून हिऱ्याला १८ कॅरेट, म्हणजे शिक्का ७५०. घरचे म्हणतील २२ मध्येच करा, मोडायला बरं, त्यांना नख तुटून हिरा मोरीत गेला तर काय मोडणार विचारा. नखं चार किंवा सहा. चारमध्ये हिरा जास्त उघडा दिसतो, सहामध्ये एक तुटलं तरी बाकीची धरून ठेवतात. ती उंच बैठकीची सहा नखांची अंगठी टिफनी कंपनीने १८८६ मध्ये काढली आणि जगभर तिचीच नक्कल चालते. पण जिला रोज भाकरी थापायची आहे, शाळेत शिकवायचं आहे, गाडी चालवायची आहे तिला फार उंच बैठक देऊ नका, पदरात अडकते, पोराच्या गालाला लागते. हिऱ्याच्या खालची बाजू उघडी आहे ना ते अंगठी उलटी करून बघा, उघडी असली की उजेड पण येतो आणि साफ पण करता येते. व्हाइट गोल्ड घेतलं तर वरचा रोडियमचा मुलामा एक-दोन वर्षांत उतरतो, परत मारून घ्यावा लागतो, हे आधीच माहीत असू द्या. मधली तडजोड म्हणजे कडी पिवळी आणि नखं तेवढी पांढरी, मला हीच आवडते.

हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी, बीआयएसची खूण, शुद्धता आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, दोन ग्रॅमच्या आतल्या बारीक वस्तूंना सूट आहे. फोनवर बीआयएस केअर ॲप घ्या, नंबर टाका, तिथेच उभं राहून.

बिल मात्र सोन्याच्याच नजरेने वाचा, इथे आपली खानदेशी सवय कामाला येते. आमच्या अंगठीचं एकूण वजन ३.४२० ग्रॅम भरलं. त्यात ४६ सेंटचा हिरा म्हणजे ०.०९२ ग्रॅम, तर सोनं झालं ३.३२८. सोन्याचा भाव या ३.३२८ ला लागला पाहिजे आणि तो पण १८ कॅरेटचा, २२ चा नाही. हिऱ्याचं वजन सोन्यात धरलं तर एकाच वस्तूचे दोनदा पैसे. बिलावर नेट वजन, हिऱ्याचं वजन कॅरेटमध्ये, संख्या, रंग-क्लॅरिटी, खाणीतला की लॅबचा, रिपोर्ट नंबर, मजुरी आणि ३ टक्के जीएसटी हे सगळं वेगवेगळं हवं. बायबॅक आणि एक्सचेंज वेगळे असतात, "परत घेतो" म्हटलं की रोख परत की दुसरा दागिना घेतला तरच, आणि टक्के कशाचे, बिलाच्या किमतीचे की त्या दिवशीच्या भावाचे, हे लिहून घ्या. हिऱ्याला गुंतवणूक समजू नका, ती हौस आहे. गुंतवणूकच करायची तर आखाजीला वळं घ्या आणि कपाटात ठेवा.

बोटाचं माप. सरप्राइजच्या नादात दोऱ्याने माप आणतात, दोरा ताणला जातो आणि ऐन पाटावर अंगठी पेरावर अडकते, मग साबण आणा, तेल आणा, फोटोग्राफर थांबलाय. मुलीला सरळ विचारा, किंवा त्याच बोटात बसणारी तिची जुनी अंगठी मागवा. आपल्याकडे साखरपुडे उन्हाळ्यात, आणि ४४ डिग्रीत बोटं सुजतात, थंडीत बारीक होतात, तर माप संध्याकाळी घ्या आणि पेरावरून जरा अडत जाईल अशी ठेवा. ऑर्डर निदान तीन-चार आठवडे आधी द्या, आखाजीच्या आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या गर्दीत कारागीर रात्रंदिवस बसलेला असतो, घाईत बसवलेला हिरा हलतो.

घरी आल्यावर सांभाळायचं फार काही नाही. हिऱ्याला तेलकटपणा लगेच चिकटतो, भरीत कालवलेल्या हाताने घातला की दुसऱ्या दिवशी आंधळा. कोमट पाणी, भांड्याचा साबण, लहान मुलाचा मऊ ब्रश, आणि हे वाटीत करायचं, बेसिनवर नाही. टूथपेस्ट लावू नका, सोन्याला ओरखडे पडतात. डब्यात वेगळी ठेवा, नाहीतर तो हिरा बाकीच्या दागिन्यांना घासून काढेल.

आणि अंगठी हातात आली की दुकानातून निघायच्या आधी कापसाचा बोळा फिरवून बघा. नखांवरून हलकेच चारी बाजूंनी फिरवायचा, तंतू अडकला म्हणजे तिथलं नख वर आलंय. आमच्या वेळी दुकानात मी विसरलो होतो, घरी आल्यावर मावशीने देवघरातल्या वातींचा कापूस काढला आणि फिरवला, आणि खरंच एका नखाला पांढरा तंतू लोंबत राहिला. दुसऱ्या दिवशी परत नेली, कारागिराने नख दाबून दोन मिनिटांत दिली. आता दिवाळीच्या आधी मावशी वाती वळायला बसली की सुनेला हाक मारते, अंगठी आण म्हणते.